टाळूवरचा हात आणि तुमची मोजपट्टी

प्रति,
विदर्भातील अकराही जिल्ह्यांचे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांस,

विषय : जन्मतः मेंदूच्या रचनेत दोष असलेल्या लेकरांची वेळेवर ओळख व्हावी आणि त्यांना तालुक्याला उपचार मिळावेत, याबाबत.

महोदय, महोदया,

तुम्हां दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, त्याला कारण आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई जिल्हा परिषदेकडे, म्हणजे आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि तिथलं, वाढीत मागे पडणाऱ्या लेकरांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र शल्यचिकित्सकांकडे. अंगणवाडी तिसऱ्याच खात्याकडे. माझ्या लेकीचे पहिले पाच महिने या तीन दारांच्या मधल्या ओट्यावर गेले. कोणी हाकललं नाही, कोणी वाकडं बोललं नाही. ज्यानं त्यानं आपापलं काम केलं. तिचं डोकं मोजणं मात्र कोणाच्याच कामात नव्हतं.

मी पश्चिम विदर्भातल्या एका कापूस-सोयाबीनच्या गावात राहते. डी.एड. झालेली आहे, नोकरी लागली नाही, घरच्या चार एकरांत आणि वेचणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्याही शेतात जाते. गावाचं नाव लिहीत नाही, लेकीचंही नाही. ती उद्या वाचायला शिकेल, तेव्हा आपली गोष्ट कोणाला सांगायची ते तिनं ठरवावं. आज ती साडेचार वर्षांची आहे.

पाचव्या महिन्यात माझी सोनोग्राफी झाली होती. कागद इंग्रजीत होता. शेवटून तिसऱ्या ओळीत ‘माइल्ड व्हेंट्रिक्युलोमेगॅली, फॉलोअप सजेस्टेड’ असं लिहिलेलं होतं. मला कोणी वाचून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. ‘बाळ चांगलं आहे ना?’ एवढंच विचारलं आणि ‘हो’ ऐकून निघाले. तो कागद नंतर वर्षभर प्लास्टिकच्या पिशवीत लसीच्या कार्डाखाली पडून होता. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांची रुंदी गर्भात १० मिलिमीटरच्या आत असायला हवी, माझ्या बाळाची १२ होती, हे मला लेक सहा महिन्यांची झाल्यावर कळलं. तेव्हा कळलं असतं तर काय झालं असतं, या विचारात मी बऱ्याच रात्री घालवल्या. कदाचित काहीच वेगळं झालं नसतं. अशी थोडीशी वाढलेली रुंदी पुष्कळ बाळांमध्ये आपोआप ठीक होते, असं मला डॉक्टरांनीच सांगितलं. पण मग जन्मल्यावर त्या बाळाचं डोकं तरी कोणीतरी मोजत राहिलं असतं.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. बाळ लगेच रडलं, वजन दोन किलो आठशे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी न चुकता आली. ताप पाहिला, वजन केलं, दूध कसं ओढते ते पाहिलं, श्वास मोजले. तिच्या पिशवीत थर्मामीटर होतं, काटा होता, घड्याळ होतं. घरी येऊन नवजात बाळ पाहायची ही पद्धत आपल्याच मातीतली आहे, हे तुम्हांला मी सांगायला नको. गडचिरोलीच्या खेड्यांमध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून बाळांचे मृत्यू किती कमी होतात ते दाखवलं. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे साऱ्या देशानं उचललं. गावातली बाई बाळाचा श्वास मोजू शकते हे ज्या विदर्भानं जगाला दाखवलं, तिथे तिच्या हातात आणखी एक साधी पट्टी देता येणार नाही, हे मला पटत नाही.

आता टाळूचं सांगते.

आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायच्या आधी रोज टाळू भरतात. कोमट तेल तळहातावर घेऊन हलक्या हातानं थोपटायचं, मुरू द्यायचं. माझ्या सासूबाईंनी पाच नातवंडांच्या टाळू भरल्या आहेत. लेक अडीच महिन्यांची असताना एके सकाळी त्यांचा हात थांबला. “पाय वं, टाळू तणलेली वाटते मले. रडून नाही रायली, तरी खाली बसत नाही.” लेकरू रडत असलं की टाळू वर येते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तिला मांडीवर उभं धरलं, शांत होऊ दिलं, पुन्हा हात ठेवला. “हे लक्षण साजरं नाही,” म्हणाल्या. त्या अंगठा उठवतात. मेंदूत पाणी साचतं हा शब्दही त्यांनी कधी ऐकलेला नाही. तरीही माझ्या लेकीचं पहिलं निदान त्यांच्या बोटांनी केलं, असं मी मानते.

त्याच आठवड्यात अडीच महिन्यांची लस होती. उपकेंद्रात लेकरांची रांग, एकच सिस्टर. मी टाळूचं सांगितलं. त्या म्हणाल्या, वजनाची रेघ कार्डावर हिरव्या पट्ट्यात आहे, काळजी करू नका, मोठ्या डोक्याची मुलं हुशार निघतात. साडेतीन महिन्यांच्या लसीला मी पुन्हा सांगितलं. तोवर तिची बुबुळं खाली उतरल्यासारखी दिसू लागली होती, वरच्या बाजूला डोळ्याचं पांढरं दिसायचं. “झोपेला आली असेल.” मी त्या सिस्टरना दोष देत नाही. त्यांना जे मोजायला सांगितलं होतं ते त्यांनी मोजलं, आणि ते बरोबरच होतं.

मग पाचव्या महिन्यात आरबीएसकेची गाडी आमच्या अंगणवाडीत आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झालेला हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. वर्षातून दोनदा ही गाडी अंगणवाडीत येते. त्यातल्या डॉक्टर बाईंनी लेकीला पाहिलं, एक शब्द न बोलता पिशवीतून टेप काढली. भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागे जिथे डोकं सर्वांत बाहेर आलेलं असतं तिथून. तीनदा मोजलं. ४६ सेंटिमीटर. मग त्या माझ्या शेजारी खाली सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, ताई, एवढं डोकं दीड वर्षाच्या मुलीचं असतं.

त्यांनी मला जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. पहिले तीन महिने बाळाचं डोकं महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतं. पुढचे तीन महिने एक सेंटिमीटर. त्यानंतर वर्षापर्यंत अर्धा. एकदाच घेतलेल्या आकड्यावरून फारसं कळत नाही, रेघ कुठे चालली ते पाहावं लागतं. ती भराभर वर निघाली तर पाणी साचत असेल, आडवीच राहिली तर मेंदू वाढत नसेल. दोन्हीकडे लक्ष हवं. शिंप्याची टेप चालत नाही, ती ताणली जाते. न ताणणारी पट्टी हवी, ती काही महाग नसते.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला खेड्यातलं बहुतेक प्रत्येक बाळ तुमच्या माणसांच्या हातात येतंच. कोणाला बोलवायला नको, वेगळं शिबिर नको. त्या तीन दिवशी आणि मग नवव्या महिन्याच्या लसीला डोकं मोजायचं आणि कार्डावर लिहायचं. आशाताईच्या घरभेटीतही मोजता येईल, पण तिच्या डोक्यावर आधीच किती कामं आहेत ते मी रोज पाहते. काम वाढवायचं तर त्याचं मानधनही वाढवा.

टेपनंतर सगळं भराभर झालं. जिल्ह्याला सीटी स्कॅन, तिथून नागपूर, एमआरआय, आणि महात्मा जोतिराव फुले योजनेतून शंटचं ऑपरेशन. डोक्यातलं जास्तीचं पाणी कातडीखालच्या बारीक नळीनं पोटात उतरवतात. मोठ्या इस्पितळात गेल्यावर माझी तक्रार राहिली नाही. एमआरआयमध्ये कळलं की लेकीच्या मेंदूचे डावा आणि उजवा असे जे दोन भाग आहेत, त्यांना जोडणारा पूलच बनलेला नाही. कॉर्पस कॅलोसम म्हणतात त्याला. कोट्यवधी धाग्यांचा हा जाड पट्टा गर्भात तिसऱ्या महिन्यापासून पाचव्या महिन्यापर्यंत बांधला जातो. काही बाळांमध्ये तो अर्धाच होतो, काहींमध्ये होतच नाही. तिच्या बाबतीत शेजारी पाण्याची एक गाठही होती, त्यामुळे पाणी तुंबलं.

मी विचारलं, माझी मुलगी चालेल का, बोलेल का. वॉर्डातले एक तरुण डॉक्टर नजर चुकवून म्हणाले, काही सांगता येत नाही. नात्यातले एक वडीलधारे बाहेरच्या बाकावर बसून लेकीच्या बाबांना म्हणाले, खर्च करू नका, हे लेकरू काही कामाचं नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टर आल्या. त्यांनी फिल्म उजेडावर धरली, पूल कुठे असायला हवा होता ते बोटानं दाखवलं आणि म्हणाल्या, फोटो म्हणजे कुंडली नव्हे. नुसता हा पूलच नसेल आणि बाकी मेंदू धड असेल, तर दहातली साधारण सात मुलं इतरांसारखीच वाढतात. तुमच्या मुलीला पाणीही साचलं, त्यात वेळही गेला, म्हणून तिला उशीर होईल. किती, ते मी आज सांगणार नाही, ती आपल्याला दाखवेल. पण तिला रोज शिकवायचं.

अधिकारीसाहेब, त्या दिवशी मला जे मिळालं ते मी इतर आयांसाठी मागते आहे. खोटा धीर नको. ‘होईल हळूहळू’ या वाक्यानं माझे अडीच महिने खाल्ले. आणि ‘काही होणार नाही’ हे वाक्य पुढची सगळी वर्षं खाल्लं असतं. दोन्ही वाक्यं बोलणाऱ्याची सुटका करतात, आईची नाही.

त्याच बाकावर मला दुसरी एक आई भेटली. पूर्व विदर्भातली, धानपट्ट्यातली. तिच्या मुलाचा मेंदू गुळगुळीत होता. मेंदूवर ज्या घड्या आणि वळ्या असतात त्या पडल्याच नव्हत्या. पाचव्या महिन्यात त्याला एक विचित्र दचकणं सुरू झालं. झोपेतून उठला की मान आणि कंबर पुढे वाकायची, हात वर उडायचे, क्षणभरच. मग काही सेकंदांनी पुन्हा. ओळीनं वीस-पंचवीस वेळा. घरच्यांना वाटलं पोटात कळ येते. ओवाअर्क, ग्राइप वॉटर, मग बाहेरचं काहीतरी म्हणून भगत, अंगारा. दवाखान्यात नेलं तिथेही पोटाचंच औषध मिळालं, कारण दवाखान्यात गेल्यावर ते दचकणं होत नव्हतं. तीन महिने गेले. ती फिटच होती. मोठ्या माणसासारखी हातपाय झाडत येणारी नाही, म्हणून कोणाला ओळखू आली नाही.

हे मी एवढं सविस्तर लिहिते, कारण ही एक गोष्ट तुमच्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला, प्रत्येक आशाताईला माहीत असायलाच हवी. साधारण तीन महिने ते वर्षभर या वयात अशी ओळीनं येणारी दचकी, आणि सोबत बाळानं हसणं किंवा आईकडे पाहणं कमी करणं, म्हणजे तातडीची बाब. त्यावर औषध आहे. एसीटीएच नावाच्या संप्रेरकाचं इंजेक्शन, स्टेरॉइडच्या गोळ्या, विगाबॅट्रिन नावाचं फिटचं औषध. ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बाळाचं शिकणं वाचतं, आठवड्यांनी फरक पडतो. आज घरोघरी मोबाइल आहे. बाळ दचकतं तेव्हा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा, एवढंच सांगायचं आहे. लसीकरणाच्या खोलीत भिंतीवर तीन ओळी लिहिल्या तरी पुरे.

त्या मुलाचा दोष माझ्या लेकीपेक्षा फार मोठा होता. तो कदाचित कधीच चालणार नाही, हे त्याच्या आईला सांगितलेलं होतं आणि ते खरंच असावं. पण ती विचारत होती ते वेगळंच. दूध पाजताना त्याला ठसका लागतो, कसं धरू? पाय कात्रीसारखे आवळतात, कसे सोडवू? याची उत्तरं असतात, फिजिओथेरपिस्टकडे असतात. मूल बरं होणार नसलं तरी ही उत्तरं लागतात, जास्तच लागतात.

आणि इथे मी माझ्या मुख्य मागणीवर येते.

जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे आपण ज्याला डीईआयसी म्हणतो तिथे, फिजिओथेरपी, बोलणं शिकवणाऱ्या ताई, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक असं सगळं एका छताखाली असावं अशी योजना आहे. योजना उत्तम आहे. आमच्या गावाहून ते केंद्र ६८ किलोमीटर. सकाळी सहा दहाची एसटी, मध्ये एकदा बदलायची, साडेआठ-नऊला पोहोचायचं, अकराला नंबर, अर्धा तास व्यायाम, परत येईस्तोवर दिवेलागण. २०२३ पासून आम्हां बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, लेकीला लागतच नाही, म्हणून भाड्याचं रडगाणं मी गात नाही. दिवस जातो त्याचं काय? मला आठवड्यातून दोनदा यायला सांगितलं होतं. मी महिन्यातून दोनदा गेले. वेचणीत एकदाच. त्यातही तीन खेपांना ‘आज मॅडम रजेवर आहेत’. केसपेपरवर माझ्यापुढे ‘अनियमित’ असं लिहिलं गेलं. तो शब्द मला अजून खुपतो.

तालुक्याला दर आठवड्याला बाजार भरतो. त्या दिवशी सगळ्या गावांतून गाड्या सुटतात, काळी-पिवळी भरून जाते, नवरा-बायको दोघंही तालुक्याला जातातच. डीईआयसीतली एक फिजिओथेरपिस्ट आणि एक बोलणं शिकवणारी ताई आठवड्यातून एक दिवस, त्या बाजाराच्या दिवशी, ग्रामीण रुग्णालयात येऊन बसल्या तर? खोली आहे, सतरंजी आहे, आरबीएसकेची गाडीही त्याच आवारात उभी असते. आई एका हातात बाजाराची पिशवी आणि कडेवर लेकरू घेऊन येईल, घरी रोज काय करायचं ते शिकून जाईल. थेरपी म्हणजे यंत्र लागतं असा माझा समज होता. मोठं यंत्र लागत नाही. आईला शिकवणारं माणूस लागतं, आणि ते दर आठवड्याला भेटावं लागतं. चुकलेलं सांगायला कोणी नसेल तर आपण तेच चुकीचं महिनाभर करत राहतो, हे मी अनुभवानं सांगते.

डीईआयसीतल्याच एका ताईंनी मला विचारलं होतं, घरी काय काय काम चालतं? मी म्हटलं, आता तुरीच्या शेंगा सोलणं चाललंय. त्या म्हणाल्या, मग तेच. ज्या मुलांना तो पूल नसतो त्यांना दोन हातांनी दोन वेगळी कामं एकाच वेळी करणं जड जातं. एका हातानं शेंग धरायची, दुसऱ्यानं सोलायची. लेकीला पहिले सात-आठ दिवस एक शेंग सोलता आली नाही. दोन्ही हात एकच काम करू पाहायचे, शेंग उडून जायची, ती रडायची. मी शेंगेला नखानं चीर देऊन द्यायचे. मग अर्धी चीर. मग नुसती खूण. त्या हंगामाच्या शेवटी तिनं एक अख्खी शेंग स्वतः सोलली आणि दाणे सासूबाईंच्या तळहातावर ठेवले. सासूबाईंनी ते चार दाणे देवघरात नेऊन ठेवले. पुढे चवळीच्या शेंगा आल्या, सदऱ्याची बटणं आली, लोट्यानं पेल्यात पाणी ओतणं आलं. चौदाव्या महिन्यात बसली, दोन वर्षं आठ महिन्यांची झाल्यावर चालली. आज तीन-चार शब्दांची वाक्यं बोलते. गंमत कळायला तिला वेळ लागतो, कोणी खोटं खोटं रागावलं तरी तिला ते खरं वाटतं. गर्दीत कान झाकते. अंगणवाडीत जाते, बाईंच्या जवळ बसते, गाणी सगळी पाठ आहेत. तान्ह्या पोळ्याला तिनं लाकडी बैल स्वतः ओढत मारुतीपर्यंत नेला.

हे सगळं शंटमुळे झालं, थेरपीमुळे झालं की तिच्या आतच होतं, हे मी सांगू शकत नाही. एवढं नक्की की पाणी तीन महिने आधी निघालं असतं तर तिची सुरुवात इतक्या मागून झाली नसती.

शंटबद्दल एक गोष्ट. ही नळी कधीही तुंबू शकते. लेक दोन वर्षांची असताना श्रावणात तिला उलट्या सुरू झाल्या, दिवसभर सुस्त पडून राहिली. जवळच्या दवाखान्यात उलट्या-जुलाबाचं समजून ओआरएस दिलं. जुलाब नव्हतेच. मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं, कान टोचले म्हणून रात्रीच रेफर केलं, नळी बदलली, वाचली. शंट असलेल्या लेकराला उलट्या आणि गुंगी आली तर आधी डोक्याचा विचार करायचा, हे एका पानावर छापून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावता येईल. ज्या आईला वाचता येत नाही, ती कार्ड कसं पुढे करणार?

आता जे टाळता येतं त्याबद्दल. माझ्या लेकीचा दोष फॉलिक अॅसिडनं टळला असता असं नाही, हे मी डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतलं आहे. पण मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती नीट न मिटण्याचे जे दोष आहेत, डोक्याच्या मागे पिशवी येणं, पाठीवर गाठ असणं, कवटीच न बनणं, त्यातले पुष्कळ ४०० मायक्रोग्रॅमच्या रोजच्या गोळीनं टळतात. १९९१ पासून जगाला हे पक्कं ठाऊक आहे. अडचण तारखांची आहे. ही नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. आमच्याकडे पाळी चुकल्यावर दीड-दोन महिन्यांनी नाव नोंदवतात आणि मग गोळी मिळते. तोवर नळीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आशाताईकडे पात्र जोडप्यांची, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या जोडप्यांची नोंदवही असते. लग्नसराईनंतर गावात कोण सून आली ते तिला पहिल्या आठवड्यात कळतं. गोळी तेव्हाच घरात पोहोचली पाहिजे. ज्या घरी आधी असं बाळ झालं आहे तिथे तर पुढच्या वेळी दहापट डोस लागतो, गर्भ राहण्याच्या आधीपासून, डॉक्टरांच्या देखरेखीत. हे त्या बाईला दवाखाना सोडतानाच लिहून दिलं पाहिजे.

रेशनच्या तांदळातही लोह, बी-१२ आणि फॉलिक अॅसिड घातलेले दाणे येऊ लागले होते. आमच्या गावातल्या बायका ते दाणे प्लास्टिकचे समजून सुपात निवडून फेकायच्या. मी स्वतः वर्षभर फेकले. रेशन दुकानावर कोणीतरी दोन मिनिटं उभं राहून सांगितलं असतं तर फेकले नसते. किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम म्हणजे गोळीची जागा ते घेणार नव्हते, पण उकिरड्यावर जाण्यासाठीही ते घातलेले नव्हते.

आणि दोष कोणाचा, यावर. मला विचारलं गेलं, ग्रहणात विळी धरली होती का, पोटुशी असताना मयतीला गेली होतीस का, माहेरच्या कोणाला असं आहे का. लेकीच्या बाबांना कोणी काही विचारलं नाही. असे दोष कधी जनुकांमुळे होतात, कधी गरोदरपणातल्या संसर्गामुळे, कधी फिटच्या काही औषधांमुळे, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. विळीमुळे होत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी हे एक वाक्य सासू, नवरा आणि आई तिघांना समोर बसवून बोललं, तर कितीतरी सुना माहेरी परत पाठवल्या जाणार नाहीत. माझ्या सासूबाई तशा नव्हत्या, हे माझं नशीब. सगळ्यांचं असतं असं नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या चार खेपांबद्दल लिहीत नाही, त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं आहे. फक्त एवढं आठवून देते की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पंचविसाव्या कलमात जोखमीतली मुलं शोधण्यासाठी सगळ्या मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करायला सांगितलेली आहे. मी काही नवीन मागत नाही.

या पत्राची छापील प्रत तुमच्या बावीस कार्यालयांना टपालानं पाठवते आहे. मला तीन गोष्टींचं उत्तर हवं आहे. लसीच्या दिवशी डोकं मोजणं कधीपासून सुरू होईल? बाजाराच्या दिवशी तालुक्याला थेरपी देता येईल का, नसेल तर अडचण पदांची आहे की गाडीची? आणि सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॉलोअप’ लिहिलेल्या बाईला ते मराठीत सांगण्याची जबाबदारी कोणाची?

आमच्या आशाताईनं मात्र तुमच्या आदेशाची वाट पाहिली नाही. मी तिला न ताणणारी एक टेप आणून दिली. गेल्या गुढीपाडव्यापासून गावात नऊ बाळं जन्मली, नऊही डोकी तिनं वहीत लिहिली आहेत. एका मुलाची रेघ वर सरकत होती. साडेतीन महिन्यांच्या लसीला ते लक्षात आलं, दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईला घेऊन मी जिल्ह्याला गेले. टाळूतूनच सोनोग्राफी केली. आत काही नाही, पाणी नाही. डॉक्टरांनी बापाला बोलावून त्याचंच डोकं मोजलं, तेही मोठंच निघालं, घराण्यातच आहे. पुढच्या महिन्यात एकदा दाखवा म्हणाले. परतीच्या बसमध्ये ती आई खिडकीशी बसून बाळाला पाजत होती. दर थोड्या वेळानं ती त्याच्या टाळूवर हात ठेवायची, आणि मग माझ्याकडे पाहायची.

आपली,
एक आई
पश्चिम विदर्भ